दहा धबधब्यांचं पॅकेज नको, एकच रस्ता धरा

भाऊ, तुम्ही लातूरचे दोघं मित्र. सोयाबीन विकून, हरभरा पेरून झाला की डिसेंबरात श्रीलंकेचे धबधबे आणि नद्या बघायला निघणार, खर्च मात्र बेताचाच ठेवायचा. एजंट गाडीसकट 'आठ दिवसांत दहा धबधबे' देतोय, ते घ्यावं का, असं विचारलंत. माझ्या मते घेऊ नका. त्यात निम्मा वेळ गाडीत जाईल, पैसे गाडीला जातील, आणि त्यातले काही धबधबे डिसेंबरात भरात नसतील.

हे पाण्याचं गणित आधी समजून घ्या. आपल्याकडे पाऊस चार महिने, म्हणून सहस्रकुंड काय किंवा सौताडा काय, दिवाळी सरली की ओसरत जातात. श्रीलंकेच्या मधोमध डोंगर आहेत आणि त्यांना दोन बाजूंनी दोन पावसाळे भिडतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस पश्चिम उतार भिजवतो. रंबोडा, डेव्हन, सेंट क्लेअर तेव्हा बघावेत. (सेंट क्लेअरचं पाणी तर आता वरच्या कोतमाले वीज प्रकल्पाकडे वळवलेलं असतं, जुने फोटो बघून जाऊ नका.) डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस पूर्वेकडच्या उतारावर पडतो. म्हणजे तुमच्या मोकळ्या दिवसांत बदुल्ला जिल्हा धरायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हाच सल्ला मी दिला नसता.

मुक्काम हपुतलेला करा. साधारण १,४०० मीटर उंचीवरचं चहामळ्यांचं गाव आहे, रेल्वे स्टेशन आहे, घरगुती खोल्या मिळतात. रात्री गारठा असतो, स्वेटर न्या. कोलंबोहून रत्नपुरामार्गे वेल्लवायाला जाणारा रस्ता हपुतलेच्या खालून, बेरगलावरून जातो, आणि देशातले दोन उंच धबधबे त्याच रस्त्याच्या अंगाला आहेत. पश्चिमेला कलुपहानाच्या फाट्यावरून वर गेलं की बंबरकंदा, २६३ मीटर, श्रीलंकेतला सर्वांत उंच. पूर्वेला कोसलंदाच्या पुढे दियालुमा, २२० मीटर, तो रस्त्यावरूनच दिसतो. बेरगलाला उतरून बस धरायची, एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. सरकारी बस लाल रंगाची, आपल्या एसटीसारखीच गर्दीची. तिकीट गाडीभाड्यापुढे काहीच नाही.

दियालुमा फक्त खालून बघून परतू नका. माथ्यावर खडकात पाण्याचे डोह आहेत, तिथे चढून जायला वेगळी वाट आहे. ती कोसलंदाच्या बाजूने विचारत जा, शक्यतो गावातला माणूस सोबत घ्या. सकाळी लवकर निघा, कारण दुपारनंतर ढग भरून येतात. तिसऱ्या दिवशी बदुल्ला गाठून दुन्हिंदा बघा. ६४ मीटरच आहे, पण पाणी इतकं जोरात आदळतं की सगळीकडे तुषारांचा धूर होतो. थोडं पायी चालावं लागतं. रावण धबधबा एल्लाहून वेल्लवायाला जाणाऱ्या रस्त्यालगत आहे, गर्दीचा. तिकडून गेलात तर बसमधून दिसतो तेवढा पुरे. हॉर्टन प्लेन्समधला बेकर्स धबधबा सोडा, परदेशी पाहुण्यांना त्या उद्यानाचं तिकीट फार महाग पडतं.

आता जे सांगतो ते मनावर घ्या. आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसं, दम भरपूर असतो, पण वाहत्या पाण्याची ओढ आपल्याला ठाऊक नसते. तिथल्या ओढ्यांना वर डोंगरात पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर ऊन असताना लोंढा येतो. पाणी गढूळ झालं किंवा काडीकचरा वाहत आला की त्या क्षणी बाहेर पडा. दियालुमाच्या कड्याजवळचा खडक शेवाळलेला असतो, तिथे फोटोसाठी जायचं नाही म्हणजे नाही. रावण धबधब्यात माणसं बुडालेली आहेत. पाटी लावली आहे तिथे पाण्यात उतरू नका. ओल्या झाडीत जळवा लागतात, मीठ जवळ ठेवा.

नद्यांचं म्हणाल, तर महावेली सर्वांत लांब, ३३५ किलोमीटर. कँडीला थांबलात तर पेरादेनियाच्या बागेला तिने तिन्ही बाजूंनी घातलेला वळसा बघा. राफ्टिंग करायचं असेल तर केलनी नदीवर कितुलगलाला होतं. पण बजेट घट्ट असेल तर दोन्हींतलं एकच निवडा.

खाण्याची चिंता नको. मळ्यांच्या भागात तमिळ लोक राहतात, त्यांच्या शाकाहारी खानावळीत इडली, डोसा, भात-सांबार पोटभर मिळतं. शाकाहारी असाल तर ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी, पोल सांबोल, विचारूनच घ्या, तिच्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या न्या, बसच्या लांब प्रवासात उपयोगी येतात.

जायचं कसं? सोलापूरहून चेन्नईची रेल्वे, किंवा बसने हैदराबाद आणि तिथून रात्रीची चारमिनार एक्सप्रेस. चेन्नई ते कोलंबो विमान दीड तासाचं. तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून उत्तर श्रीलंकेतल्या कांकेसनतुरैला बोटही सुरू झाली आहे, २०२३ पासून, पण डिसेंबरात समुद्र खवळलेला असतो, फेरी रद्द झाली तर तुमचं सगळं वेळापत्रक कोलमडेल. विमानच घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. फी कधी माफ असते, कधी नसते, ते तिथेच बघा, मधल्या वेबसाइटला जादा पैसे देऊ नका. आपल्या एका रुपयाला तिथले साधारण साडेतीन रुपये येतात, म्हणून किंमत ऐकून दचकू नका.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दितवा वादळाने डोंगरात मोठ्या दरडी कोसळल्या आणि रेल्वेचंही नुकसान झालं. म्हणून कँडी–बदुल्ला मार्गावर कुठपर्यंत गाडी धावते ते चौकशी करूनच हपुतलेची खोली ठरवा. गाडी नसेल तर रत्नपुराची बस आहेच.