डाऊन सिंड्रोम असलेल्या सहा महिन्यांच्या नातीचा डोळा तिरळा वाटतो. 'मोठी झाली की सुटेल' म्हणतात, थांबावं का?

ताई, थांबू नका. या बाळांच्या नाकाजवळ कातडीची घडी असते, त्यामुळे कधी नुसता भास होतो. पण खरा तिरळेपणाही त्यांच्यात बराच आढळतो. फरक डोळ्यांचे डॉक्टरच सांगू शकतात. सहा महिन्यांच्या आत एकदा तपासणी व्हायलाच हवी, म्हणजे तुमची वेळ आत्ताच आहे. बुबुळात पांढरट झाक दिसली तर त्याच दिवशी निघा. जन्मजात मोतीबिंदूत उशीर झाला तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. बुबुळाभोवतीचे बारीक पांढरे ठिपके मात्र निरुपद्रवी असतात.

माझ्या मुलालाही डाऊन सिंड्रोम आहे, तो नऊ वर्षांचा, आम्ही अमळनेरचे. वही नाकाला टेकवायचा, आम्ही समजायचो अभ्यासात मन नाही. या मुलांना जवळचं स्पष्ट करायला कष्ट पडतात, म्हणून डॉक्टरांनी बायफोकल, म्हणजे दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारा चष्मा दिला. पहिल्याच दिवशी ताटातल्या भरताच्या वांग्याच्या बिया बोटाने वेचत बसला होता!

अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाला सांगा. डाऊन सिंड्रोम आणि जन्मजात मोतीबिंदू दोन्ही त्यांच्या यादीत आहेत, पुढचे उपचार मोफत होतात. नंतरही दरवर्षी डोळे दाखवत राहा.