राजकीय नेमणुका करताना निष्ठा बघावी की लायकी?

लायकी. यावरून आमच्या घरातच भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

मी सिंधुदुर्गातला, खाडीकाठच्या एका छोट्या शहरातला. माझा चुलतभाऊ, आम्ही दादा म्हणतो, एका पक्षाचा शहराध्यक्ष आहे. नगरपरिषदेत त्यांच्या वाट्याला एक स्वीकृत नगरसेवक आला, म्हणजे निवडून न येता नेमलेला. आमच्या वाडीत एक काका आहेत, पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले इंजिनिअर, कुठल्या रस्त्याखालून कुठली लाईन गेलीय, कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, सगळं तोंडपाठ. मी म्हटलं दादा, यांना घे. तर म्हणतो, "धा वर्सां माझ्यावांगडा फिरलो तो, आता तेका काय सांगू?" आणि घेतलं दहा वर्षं त्याच्यासोबत फिरलेल्या कार्यकर्त्याला.

पुढे नळयोजनेच्या नव्या विहिरीचा विषय निघाला. काका ओटीवर बसून सांगत होते, जागा खाडीला फार लागून आहे, उपसा वाढला की मे महिन्यात खारं पाणी आत येणार. सभेत हे बोलणारं कोणीच नव्हतं. विहीर झाली, पहिल्याच मे मध्ये पाणी मचूळ, परत टँकर.

दादाचं एकच, आपला माणूस नसेल तर ऐन वेळी दगा देतो. अरे पण दगा देणार कसा, स्वीकृत सदस्याला सभेत मतच नसतं! घटनेचं कलम २४३ आर बघा, नगरपालिका कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेला माणूस घ्यायचा, मताचा अधिकार नाही. त्याला फक्त बोलता येतं, मग ज्याला त्यातलं कळतं त्यालाच बसवा ना.

कोकण रेल्वेचंच घ्या. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, कॉर्पोरेशनची धुरा दिली श्रीधरनना, ज्यांची जवळजवळ सगळी हयात रेल्वेच्या इंजिनिअरिंगमध्ये गेलेली. सह्याद्रीतले बोगदे, खचणारी माती, आणि १९९८ ला पूर्ण मार्गावर गाड्या धावल्या. तिथे कोणाचा तरी खास माणूस बसवला असता तर?

हां, मंत्र्याचा पीए वगैरे असेल तर विश्वासाचाच हवा, ते मान्य. आणि तो कार्यकर्ता वाईट नाही, २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या दारातलं पडलेलं झाड कापायला रात्री तोच करवत घेऊन आला होता. त्याला पक्षात पद द्या, वॉर्डातून तिकीट द्या, त्याचा हक्कच आहे.

काकांनी गावातल्या सगळ्या लाईनींचे नकाशे एका वहीत काढून ठेवलेत. दादाला मी तीनदा सांगितलं, एकदा जाऊन बघ तरी. अजून गेलेला नाही.