वाचकांचे प्रश्न : जीवाणू आणि बुरशी यांच्या विकरातील समान खूण

प्रश्न : आमच्याकडे गुऱ्हाळाच्या आवारात पडून राहिलेल्या चिपाडावर पावसाळ्यात बुरशी धरते. चिपाड कुजवण्यात वाटा असणारे झायलेनेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) जीवाणूंतही असते आणि दोघांचे विकर एकाच कुळातले असू शकते, असे वाचनात आले. हे कूळ कशावरून ठरवतात?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चिपाडाच्या कोरड्या वजनाचा साधारण पाव हिस्सा हेमिसेल्युलोज असते आणि त्यात मुख्यतः झायलोज शर्करेची लांब साखळी, म्हणजे झायलन असते. झायलेनेज ही साखळी तोडते. झायलेनेजची कुळे अनेक आहेत. आपल्या प्रश्नाला नेमके लागू पडते ते अकरावे, कारण त्यातील विकरे प्रामुख्याने जीवाणू आणि बुरशी यांच्यातच आढळतात.

कूळ ठरते ते सजीवांच्या नात्यावरून नव्हे, तर प्रथिनाची साखळी ज्या घटकांची बनते त्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून. या वर्गीकरणाचा पाया फ्रेंच जीवरसायनशास्त्रज्ञ बर्नार आँरिसा यांनी १९९१ मध्ये घातला. बॅसिलस सर्क्युलन्स या जीवाणूचे आणि ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीचे विकर शेजारी मांडले, तर पुष्कळ जागी फरक दिसतो. मात्र पहिल्यात ७८व्या आणि दुसऱ्यात ८६व्या जागी ग्लुटामिक आम्ल हे अमिनो आम्ल व त्याला लागूनच दोन टायरोसिन ही अमिनो आम्ले येतात. दुसरी खूण अनुक्रमे १७२ आणि १७७ या जागी आहे : पुन्हा ग्लुटामिक आम्ल, मग ग्लायसिन, मग टायरोसिन. क्रमात एकमेकांपासून नव्वदेक जागा दूर असलेली ही दोन ग्लुटामिक आम्ले प्रथिनाची घडी पडली की समोरासमोर येतात, आणि त्यांच्यात जेमतेम अर्धा नॅनोमीटर अंतर उरते. एक साखळीतील शर्करेला स्वतःशी जोडून घेते, दुसरे प्रोटॉन देते आणि परत घेते. यांपैकी एकाच्याही जागी जवळजवळ तेवढ्याच आकाराचे ग्लुटामिन बसवले, तर विकर निकामी होते. ही खूण टिकून राहण्याचे खरे कारण हेच आहे, असे मला वाटते.

तरीही नुसती छोटी खूण जुळणे पुरेसे नसते, कारण ती योगायोगानेही जुळू शकते. म्हणून संपूर्ण क्रम आणि घडी ताडून पाहतात. शिवाय खूण तीच असली, तरी आम्लता मानवण्याची मर्यादा वेगळी असू शकते. बॅसिलसच्या विकरात ३५व्या जागी अॅस्पॅराजिन असते. तेथे अॅस्पार्टिक आम्ल आणले, की विकर सर्वाधिक वेगाने काम करते तो सामू (pH, आम्लतेचे माप) ५.७ वरून ४.६ वर उतरतो.