शाळेतली मुलं ग्रहांवर खरं संशोधन करू शकतात का?

हो, आणि नुसते तक्ते रंगवण्यापुरतं नाही. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातली सातवीची १६ मुलं मंगळावरच्या लाव्हा ट्यूब (लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेले पोकळ बोगदे) शोधत होती, मार्स ओडिसी यानाच्या थेमिस कॅमेऱ्याचे फोटो चाळता चाळता पॅव्होनिस मॉन्स ज्वालामुखीच्या उतारावर एक काळा ठिपका दिसला आणि तो निघाला चक्क गुहेच्या छताला पडलेलं भोक, खोली अंदाजे निदान ११५ मीटर!

फक्त प्रश्न मुलांनाच ठरवू द्या. ग्रहांच्या फोटोतली विवरं, म्हणजे उल्का आदळून पडलेले खड्डे, मोजण्यापासून सुरुवात करा, जिथे विवरं कमी तो पृष्ठभाग सहसा तरुण. एकाच फोटोत दोघांचे आकडे हमखास वेगळे येतात, झिजलेल्या कडेचं विवर धरायचं की नाही यावरून भांडणं होतात, होऊ द्या, मजा तिथेच आहे. मोजणी कंटाळवाणी आहे हे मात्र आधीच सांगून टाका.