गाळणी नव्हे, अदलाबदल

प्रश्न : अणुभट्टीच्या दूषित पाण्यातील किरणोत्सारी द्रव्ये झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या साहाय्याने काढतात, असे वाचनात आले. ही क्रिया घरातील गाळणीसारखीच असते का? तसे असेल, तर जपानमधील फुकुशिमा अणुवीज केंद्राचे पाणी अखेर समुद्रात का सोडावे लागले? आमच्याकडे विहीर खणताना काळ्या पाषाणातून निघणारे स्फटिकही झिओलाइटच असतात म्हणे. ते या कामी येतील का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : गाळणी कण अडवते, पाण्यात पूर्ण विरघळलेले सिझियमसारखे किरणोत्सारी द्रव्य तिच्यातून सहज निसटते. झिओलाइटची सांगाडावजा रचना सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची असते. जिथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेले असते तिथे ऋण भार उरतो आणि तो सांभाळण्यासाठी छिद्रांत सोडियमसारखे धन आयन (धन भार असलेले अणू) सैलसर राहतात. दूषित पाणी त्यातून वाहू लागले की सोडियम बाहेर पडते आणि त्याची जागा सिझियम घेते. सोडियम आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवते, सिझियम मात्र ते सहज सोडते, आणि म्हणूनच चाबाझाइट किंवा क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटच्या प्रकारांच्या अरुंद छिद्रांत ते अधिक पक्के बसते.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या 1979 च्या अपघातानंतर झिओलाइटने भरलेली पात्रे वापरलेले इंधन ठेवण्याच्या तलावात बुडवून पाणी शुद्ध केले गेले, कारण तलावाचे पाणीच किरणांपासून आडोसा देत होते. ब्रिटनमधील सेलाफील्ड या अणुकेंद्रात 1985 पासून कॅलिफोर्नियातील नैसर्गिक क्लिनोप्टिलोलाइट वापरले गेले. फुकुशिमात 2011 साली अडचण निराळी होती : भट्ट्या थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी ओतलेले असल्यामुळे मूठभर सिझियमला सोडियमच्या प्रचंड गर्दीतून वाट काढावी लागत होती. तरीही सिझियम निघाले आणि पुढच्या प्रक्रियांत स्ट्रॉन्शियमसह इतर बहुतेक द्रव्येही निघाली. राहिले ते ट्रिशियम. तो हायड्रोजनचाच प्रकार असल्याने पाण्यात विरघळलेला नसतो, तर पाण्याच्या रेणूचाच घटक झालेला असतो. मग अदलाबदल कशाची करायची? ऑगस्ट 2023 पासून समुद्रात सोडले जाते ते हेच पाणी, भरपूर सौम्य करून.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. झिओलाइट किरणोत्सार नष्ट करत नाही, तो थोड्या जागेत गोळा करतो. सिझियम-137 या किरणोत्सारी सिझियमचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे 30 वर्षे असल्यामुळे वापरलेले झिओलाइट सिमेंटमध्ये किंवा काचेत बंदिस्त करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावे लागते.

आता आपल्या स्फटिकांविषयी. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत सापडणाऱ्या हेउलँडाइट या झिओलाइटचा सांगाडा आणि क्लिनोप्टिलोलाइटचा सांगाडा एकच आहे, त्यामुळे आपली शंका अगदीच अस्थानी नाही. परंतु या कामाला टनावारी माल लागतो आणि तो ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या जाड थरांतून उपसला जातो. पोकळ्यांतून तो वेचावा लागेल. सुंदर स्फटिक फोडून भुगा करण्यापेक्षा संग्रहात ठेवलेले बरे.