वय ४३, आठवड्याला जेमतेम पाच तास मिळतात. जूनमध्ये २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत २०० किलोमीटर सायकल) आणि सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन, दोन्ही जमेल का?

जमेल, पण क्रम उलटा करा. तुम्ही लिहिलंय की आता मार्चपासून फक्त सायकल, जूनमध्ये २००, आणि मग जुलैपासून पळायला सुरुवात. मी अगदी हाच घोळ घातला होता म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

सायकलवाला पळायला लागला की होतं काय, दम असतो पण पाय तयार नसतात. वर्षभर पॅडल मारून छाती मस्त झालेली असते, पहिल्याच आठवड्यात ८ किलोमीटर आरामात जातात आणि आपल्याला वाटतं अरे हे तर सोपंय. पण सायकलवर आपलं वजन सीटवर असतं, पळताना प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एकाच पायावर येतो, आणि नडगी, पोटरी, टाचेमागची जाड शीर यांना तो सोसायची सवय व्हायला महिने लागतात, आठवडे नाही. माझी तिसऱ्या आठवड्यात नडगी धरली. सकाळी जिना उतरताना कठडा धरून उतरायचो. पाच आठवडे पळणं बंद, आणि ती फी भरलेली हाफ मॅरेथॉन मी टीव्हीसमोर बसून केली.

म्हणून पळणं आत्ताच चालू करा, अगदी थोडं. मंगळवार-गुरुवार २५-३० मिनिटं, त्यात चालणं आलं तरी चालेल. सायकल रविवारी. २०० पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात ठेवा. पळून कमावलेला दम सायकलवर बऱ्यापैकी चालतो, सायकलवर कमावलेले पाय पळताना तेवढे कामी येत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. हळू जा. हे सगळे सांगतात आणि कोणीच ऐकत नाही, मीही दोन वर्षं ऐकलं नाही. पाचच तास मिळतात म्हणून आपण पाचही तास जीव तोडून करतो, आणि मग धड जोराचंही होत नाही आणि धड सोपंही होत नाही, सगळं मधल्यामधे, रोज थकवा. पाचातले चार तास असे पाहिजेत की शेजारच्याशी वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. एकटा असलो की मी मोठ्याने पाढे म्हणतो (एकोणतीसचा मला बसूनही येत नाही, म्हणून सतराचा). मधेच श्वास घ्यायला थांबावं लागलं की वेग कमी करायचा. चढावर यासाठी चक्क चालावं लागलं तर चाला, लोक बघतात, बघू देत. उरलेला एक तास मात्र खरा जोराचा, चढ गाठून ३-४ मिनिटं दाबून वर, सावकाश खाली, असं पाच वेळा. पण हे दोन-अडीच महिने पाय सरावल्यावरच.

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि त्याच रस्त्याने परत. सगळे चढाला घाबरतात. मांड्या फुटतात त्या उतारावर, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात. तेव्हा सरावात चढून वर गेलात की गाडीने खाली येऊ नका, पळत उतरा, छोटी छोटी पावलं टाकत. सुरुवातीला दोन किलोमीटर उतार पुरे.

२०० बद्दल. वेळ साडेतेरा तास, म्हणजे सकाळी ६ ला निघालात तर संध्याकाळी साडेसातला आत, आणि घड्याळ थांबत नाही, तुम्ही मिसळ खात असलात तरी. हिशोब बघा, १८ च्या वेगाने चालवलं तर सायकलवरच ११ तास सात मिनिटं जातात, थांबायला उरतात दोन तास तेवीस मिनिटं. यात पंक्चर, कंट्रोलला (वाटेतल्या तपासणीच्या थांब्याला) शिक्का, पाणी, फोटो सगळं आलं. माझ्या पहिल्या २०० ला (पुणे-पाचगणी-पुणे, जाताना खंबाटकी आणि पसरणी घाट) पाय बरे होते, वेळ गेला तो टपऱ्यांवर. आणि खाणं चुकलं. पाचगणीत पोटभर जेवलो आणि पुढे चार तास फक्त पाणी. परतताना शिंदेवाडीहून कात्रजच्या जुन्या बोगद्याकडे चढताना अचानक सगळं संपलं, पायात जोर नाही, डोळ्यांसमोर अंधारी, रस्त्याकडेला दगडावर बसून एका ट्रकवाल्याने दिलेली पार्लेची बिस्किटं खाल्ली. सव्वासातला पोचलो, पंधरा मिनिटं राखून.

तेव्हापासून भूक लागायची वाट बघत नाही. पहिल्या तासापासून, तासाला एक केळं आणि दोन-तीन खजूर, किंवा मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याची चिक्की, जे पोटाला मानवेल ते, पण सरावात खाऊन बघितलेलंच. नुसतं पाणी ढोसत राहू नका, घामातून मीठ जातं आणि वर साधं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, ते पाणी कमी पडण्यापेक्षाही वाईट. एका बाटलीत ओआरएस ठेवा, मेडिकलमध्ये मिळते ती लिटरभर पाण्यात टाकायची पुडी, टेट्रापॅकमधलं गोड सरबत नाही.

पाच तासांत २०० चा सराव पूर्ण होत नाही हेही खरंय. शेवटच्या दोन महिन्यांत तीन-चार रविवार घरून मागून घ्या, ८०, १०० आणि एकदा १३०. आमच्याकडे त्याबदल्यात शनिवारची भाजी, दळण आणि मुलीचा क्लास माझ्याकडे आहे, सौदा वाईट नाही. चाळिशी उलटलीय तर सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या.

किरकोळ पण महत्त्वाचं: गुडघा पुढून दुखला तर सीट बहुतेक खाली आहे, मागून दुखला तर वर. पॅडवाल्या शॉर्टच्या आत चड्डी घालायची नाही (मी पहिले सहा महिने घालत होतो, पुढचं विचारू नका). पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सोबत ठेवा, डिसेंबरात सहालाच अंधार पडतो. आणि पंक्चर काढायचा सराव घरी करा, मागच्या चाकाचा. पुढचं सगळ्यांनाच येतं.