हप्ता नको विचारू, लढणार कोण ते विचार

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मंगळवारी रात्री साडेअकराला आला. कर-चौकशीचा विमा म्हणून मागवलेल्या तीन कोटेशनांचे स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ, "काका, यातलं कुठलं स्वस्त आणि बरं?" लंडनमधल्या डॉलिस हिलला मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत तू हाच विषय काढला होतास. तेव्हा मी 'बघू' म्हणून ताट पुढं केलं. या विषयावर मी एकदा सुरू झालो की थांबत नाही आणि तुझी काकू मागंच उभी होती. म्हणून आता पत्र.

आधी त्या ओळीतला 'स्वस्त' खोडून टाक. तू पाठवलेल्या तीनपैकी एक तर कर-चौकशीची पॉलिसीच नाही. ती प्रोफेशनल इंडेम्निटी आहे. तुझ्या चुकीच्या कोडमुळं क्लायंटचं नुकसान झालं तर ती कामाला येईल. दारात एचएमआरसीचं, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याचं, पाकीट पडलं तर तिचा काडीचा उपयोग नाही. उरलेल्या दोन सारख्या दिसतात, पण एक फक्त चौकशीला तोंड द्यायचा खर्च उचलते, म्हणजे टॅक्स सल्लागाराची फी, पत्रव्यवहार, बैठका, वेळ आलीच तर ट्रायब्युनल. निघालेला कर, व्याज, दंड तुझा तू भरायचास. दुसरी म्हणते की आयआर ३५ मध्ये, म्हणजे आपल्याच कंपनीतून काम करणारा तू खरं तर क्लायंटचा नोकरच आहेस का, या कराच्या नियमात हरलास तर तो भारही ठरल्या मर्यादेपर्यंत आम्ही उचलू. म्हणून तिचा हप्ता मोठा, आणि तो आकडा बघून तू दचकलास.

ती मोठी तुला हवी का, हे तुझ्या क्लायंटवर आहे. एप्रिल २०२१ पासून मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांत, तू आयआर ३५ च्या आत (नोकरासारखा) की बाहेर, हे क्लायंटनं ठरवायचं असतं, आणि तो चुकला तर कराची मागणी सहसा तुझ्या कंपनीकडं येत नाही. क्लायंट लहान असेल तर मात्र जुनाच नियम, म्हणजे ठरवायचं तू आणि निस्तरायचंही तू. "रेडिंगचं ऑफिस चाळीस माणसांचं आहे, म्हणजे लहानच" हे तुझं गणित मला पटलेलं नाही. माणसांबरोबर उलाढाल आणि ताळेबंदही बघतात, आणि वर एखादी मोठी मालक कंपनी असेल तर हे चाळीस जण लहान राहत नाहीत. क्लायंटला लेखी विचार. विचारल्यावर ४५ दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ते उत्तर हातात येईपर्यंत मोठी पॉलिसी घेऊही नकोस आणि नाकारूही नकोस.

"मी काही लपवत नाही, मग मला कशाला?" असंही तू म्हणालास. मीही म्हणायचो. रिटर्न भरल्यापासून साधारण बारा महिने एचएमआरसीला कारण न सांगता चौकशी उघडता येते. त्यानंतरही चार वर्षं मागं जाता येतं, निष्काळजीपणा दिसला तर सहा, मुद्दाम केलं असेल तर वीस. तुझ्या प्रामाणिकपणाची खात्री तुला आहे रे. समोरच्याला ती कागदावर पटवून द्यायला महिनोन्महिने जातात, आणि त्या महिन्यांत तुझ्या बाजूनं बोलायला कोण आहे, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या बाजूनं कोणी नव्हतं. २००६ साली आयआर ३५ च्या चौकशीचं पत्र आलं. मी तेव्हा लंडनजवळ स्लाउला राहायचो, एका मोठ्या क्लायंटकडं पाचवं वर्ष चालू होतं. अकाउंटंट गावातला स्वस्तातला, वह्या लिहून देणारा, बिचारा भला माणूस. दरवर्षी तो बिलाबरोबर चौकशीच्या विम्याचं एक पत्रक जोडायचा आणि मी ते दरवर्षी कचऱ्यात टाकायचो. पत्र घेऊन गेलो तर म्हणाला, हे आमचं काम नाही, माझ्या ओळखीचा एक सल्लागार आहे, तासाला दीडशे पौंड. मी दोन तास घेतले. मग ठरवलं, उत्तरं आपणच लिहू. इंजिनिअर माणूस, इंग्रजी बरं, काय अवघड आहे?

अवघड हे होतं की एचएमआरसीनं क्लायंटकडच्या माझ्या मॅनेजरला गाठून विचारलं, "याच्या जागी दुसरा माणूस आला असता तर चाललं असतं का?" तो म्हणाला, नाही, आम्हाला हाच हवा होता. मला वाटतं, त्यानं ते कौतुकानं सांगितलं असावं. माझ्या करारात बदली माणूस पाठवायचं कलम होतं (बदली पाठवता येणं ही नोकर नसल्याची खूण), पण प्रत्यक्षात काय घडत होतं याला ते जास्त वजन देतात. पत्रं येत राहिली. दोन वर्षांनी मी तडजोड केली, पैसे भरले, फाईल बंद.

२००९ मध्ये घर बदलताना एका खोक्यात मला एक इन्व्हॉइस सापडलं. दहा दिवसांचं, माझ्या एका मिरजेच्या मित्राच्या कंपनीचं, माझ्या कंपनीच्या नावे. २००४ च्या मे महिन्यात वडील गेले तेव्हा मी सांगलीला होतो, आणि त्या दहा दिवसांत माझ्या खुर्चीवर तो बसला होता. क्लायंटला माहीत होतं, चाललं होतं, आणि त्याचे पैसे मी दिले होते. याहून चांगला पुरावा काय असतो? पण माझ्या डोक्यात ते 'बदली माणूस' या नावानं कधी शिरलंच नव्हतं. मित्रानं सुतकात सांभाळून घेतलं, एवढंच माझ्या लेखी होतं. अकाउंटंटनं ते किरकोळ खर्चात टाकलं होतं, आणि तो मॅनेजर २००५ मध्ये आलेला, त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. हे काम रोज करणाऱ्या माणसानं पहिल्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारला असता.

तडजोड केली हे चुकलं, असं तुझी काकू अजून म्हणते. मी नाही म्हणत. दोन मुलं लहान, डोक्यावर मॉर्गेज, दर दीड महिन्याला नवं पत्र. रात्री तीनला उठून फायली चाळणारा बाप घरात किती दिवस ठेवायचा? त्या वेळी हातात जे होतं त्यावरून मी ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. चूक त्याच्या आधीची, पत्रक कचऱ्यात टाकण्याची. तीही मोठी नव्हती असं कधी कधी वाटतं, कारण ते पत्रक वाचलं असतं तरी मी त्यातला हप्ताच वाचला असता.

म्हणून पुन्हा सांगतो, लढणार कोण ते विचार. दोन्ही कंपन्यांना फोन कर. माझी केस कोण बघेल? तुमच्या यादीतला माणूस की मी निवडलेला? त्यानं आयआर ३५ ची किती प्रकरणं शेवटपर्यंत नेली आहेत? बऱ्याच पॉलिसींत 'जिंकायची वाजवी शक्यता असेल तरच' असं कलम असतं. ती शक्यता कोण ठरवणार आणि ठरवणाऱ्याशी तुझं पटलं नाही तर पुढं काय? मी म्हणेन लढायचं आणि तुम्ही म्हणाल मिटवा, तर कोणाचं चालणार? एक लाख पौंडांचं कव्हर असं ठळक छापलेलं असतं, पण फोन उचलणारी मुलगी या प्रश्नांना अडखळली तर तो लाख तिलाच ठेवू दे.

तुझा अकाउंटंट फीबरोबर जे 'मोफत' कव्हर देतो, त्यात पॉलिसी बहुतेकदा त्याच्या फर्मची असते. अकाउंटंट सोडलास की ती गेली. आणि या विम्यात चौकशी सुरू होते त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. ज्या वर्षाच्या हिशेबाची चौकशी, त्या वर्षी ती होती की नव्हती याला सहसा महत्त्व नसतं. म्हणजे मध्ये खंड नको, आणि पाकीट आल्यावर धावण्यात अर्थ नाही. पत्र आलं तर स्वतः उत्तर लिहायच्या आधी विमा कंपनीला कळव, नाहीतर क्लेम तिथंच अडकतो. रिटर्न उशिरा भरणारे, कर चुकवायच्या तयार स्कीममध्ये शिरलेले, यांना बहुतेक जण हात लावत नाहीत. तुझ्या त्या फ्लॅटमेटला हे दाखव.

लोरेन केली या टीव्हीवरच्या बाईंची केस तुला माहीत असेल. बारा लाख पौंडांची मागणी होती, २०१९ मध्ये ट्रायब्युनलमध्ये त्या जिंकल्या. तुझ्या ऑफिसात लोक ती गोष्ट धीर म्हणून सांगतात. मला तिच्यात बाजू मांडणारे जाणकार वकील दिसतात. आणि त्या पायरीवर जिंकलास तरी तुझा खर्च समोरच्याकडून सहसा मिळत नाही. जिंकूनही खिसा रिकामा. विम्याचे पैसे त्यासाठीच मोजायचे.

दोन्हींची पूर्ण वर्डिंग मागवून घे, माहितीपत्रक नको. रविवारी मला पाठव, आपण फोनवर बसून वाचू. आणि त्याआधी एक काम कर. गेल्या नोव्हेंबरात आजीच्या ऑपरेशनसाठी तू तीन आठवडे नाशिकला होतास ना? त्या तीन आठवड्यांत तुझं काम कोणी केलं, क्लायंटला कोणी सांगितलं आणि त्याचे पैसे कोणी दिले, ते आठवून आजच लिहून काढ. ईमेल असतील तर क्लायंटचा लॅपटॉप परत द्यायच्या आधी त्यांच्याकडूनच तुझ्या कंपनीच्या नावे लेखी मागून घे.